मराठी विवेकवाद्यांची बैठक : सभा, नियतकालिक आणि मेळावा

मराठी निबंधवाङ्मयाचा इतिहास शिकवताना आपण नास्तिक व अज्ञेयवादी लेखकांचा परिचय बहुधा एकेकट्याने करून देतो. आगरकर एकाकी झुंजले, र. धों. कर्वे यांच्याकडे समाजाने पाठ फिरवली, अशी वाक्ये पाठ्यपुस्तकांतून आणि उत्तरपत्रिकांतून इतक्या वेळा येतात, की एकाकीपणा हा विवेकवादी लेखकाचा जणू स्वभावधर्मच ठरून गेला आहे. प्रस्तुत लेखकाने एम.ए.च्या वर्गात एकदा विचारले, की 'सुधारक' विकत कोण घेत होते? वर्गात शांतता पसरली. प्रश्न विक्रीच्या आकड्यांचा नव्हता. ज्या माणसाला देव मानवत नाही तो आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला भेटतो कुठे, हा खरा प्रश्न होता. आणि तो जितका समाजशास्त्राचा आहे तितकाच वाङ्मयेतिहासाचाही आहे.

श्रद्धावंताला एकत्र येण्यासाठी देऊळ, वारी, सप्ताह, सण आणि सोयरसुतक हे सारे आयते मिळते. न मानणाऱ्याला यांपैकी काहीच मिळत नाही. उलट, एकत्र येण्याचे हे प्रसंग नाकारूनच त्याला आपली भूमिका सिद्ध करावी लागते. मराठीत ही उणीव प्रामुख्याने नियतकालिकाने भरून काढली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विवेकवादी गद्यात अनावृत पत्र, वाचकांची प्रश्नोत्तरे, आक्षेप व त्यांस उत्तर ही रूपे वारंवार का आढळतात, याचा उलगडाही त्यातून होतो. ही रूपे केवळ शैलीच्या आवडीतून आलेली नाहीत. समोरासमोर बसणे अवघड झालेल्या माणसांची ती बैठक होती.

प्रारंभी 'नास्तिक' या शब्दाविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. पाणिनीच्या सूत्रानुसार 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक. काय नाही, हे सूत्र सांगत नाही. पुढील टीकाकारांनी ते परलोकापुरते सीमित केले. मनुस्मृतीने वेदनिंदकाला नास्तिक म्हटले. त्यामुळे ईश्वर न मानणारे निरीश्वर सांख्य व मीमांसक आस्तिकांच्या पंक्तीत बसले आणि बौद्ध, जैन व चार्वाक बाहेर राहिले. म्हणजे हे नाव मुळात दुसऱ्याने दिलेले आणि दोषारोपाच्या स्वरूपाचे आहे. ज्यांना ते लावले गेले त्यांचा आपसांत एक संघ होता असे नाही. बौद्धांना विहार होते, जैनांना ग्रंथभांडार होते. चार्वाकांजवळ यांपैकी काही असल्याचे दिसत नाही. त्याचा परिणाम सर्वांपुढे आहे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिले प्रकरण चार्वाकाचे आहे, पण ते प्रतिपक्षाने लिहिलेले. जयराशीचा 'तत्त्वोपप्लवसिंह' हा ग्रंथ हस्तलिखितातून सापडून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९४० साली छापला गेला. तोही लोकायताचा की केवळ संशयवादाचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांनी मराठीत चार्वाकाची बाजू मांडली, तेव्हा दोघांनाही विरोधकांच्या ग्रंथांतूनच तो वेचून काढावा लागला. विचार प्रखर असला तरी त्याच्या पोथ्या नकलून घेणारा समुदाय नसेल, तर तो पुढे शत्रूच्या तोंडूनच बोलतो.

आधुनिक महाराष्ट्रात अशा समुदायाचा पहिला प्रयत्न १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत झाला. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे मार्गदर्शक, तर राम बाळकृष्ण जयकर हे अध्यक्ष. त्यापूर्वी १८४४ साली सुरतेस दुर्गाराम मेहता यांच्यासह दादोबांनी मानवधर्मसभेच्या कार्यात भाग घेतलेला होता. येथे एक खुलासा केला पाहिजे. परमहंस सभेचे सभासद नास्तिक नव्हते. त्यांचा एका ईश्वरावर विश्वास होता आणि सभेत प्रार्थना होत असे. तरीही त्यांना या परंपरेच्या आरंभी ठेवणे भाग आहे. कारण ग्रंथप्रामाण्य व जातिभेद नाकारणाऱ्यांनी एकत्र बसावे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे प्रथम उभा राहिला आणि त्याचे त्यांनी दिलेले उत्तर, म्हणजे गुप्तता, पुढील सर्वांना धडा ठरले.

सभेत येऊ इच्छिणाऱ्याला जातिभेद पाळणार नाही असे कबूल करावे लागे, आणि त्याची खूण म्हणून ख्रिस्ती भट्टीतला पाव खावा लागे व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. ज्या काळी पावाचा तुकडा पोटात गेला तर प्रायश्चित्तावाचून सुटका नव्हती, त्या काळी हा लहानसा विधी किती धाडसाचा होता हे आज समजणे कठीण आहे. बाहेर मात्र याच व्यक्ती जातीचे नियम पाळताना दिसत. सभासदांची संख्या पुरेशी वाढली, की मग उघडपणे जाहीर करू, असा विचार यामागे होता. पण गुप्ततेचा एक स्वभाव असतो. जो गुप्त आहे तो किती झाला की पुरेसा झाला, हे ठरवणारा क्षण कधीच येत नाही. सुमारे १८६० साली सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे उघड होण्याची वेळ आली, आणि सभा विस्कटली.

सभेचे वाङ्मयीन मूल्य एका निराळ्याच ठिकाणी आहे. 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी ख्रिस्ती होण्यापूर्वी या सभेत जात असत, आणि 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांविषयी लिहिले आहे. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे सभेतून बाहेर पडणारी एक वाट दुसऱ्या धर्माकडे गेली. दुसरी वाट १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाकडे गेली. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग त्याच्या संस्थापकांपैकी होते. प्रार्थना समाजाने गुप्तता टाकली, पण त्याबरोबर उपासना, मंदिर आणि तुकोबांचे अभंग यांचा आधार घेतला. १८७३ साली जोतीराव फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाची गोष्ट वेगळी आहे. भटजीवाचून लग्न लावण्याची रीत त्यांनी रूढ केली आणि ती खेड्यापाड्यांत पोचवली. मात्र 'निर्मिक' ही संकल्पना त्यांनी राखली. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आढळते. माणसे टिकून एकत्र राहिली तिथे त्यांच्यापाशी काही ना काही विधी होता. ज्यांना ईश्वरही नको होता, त्यांच्यापाशी तो नव्हता.

गोपाळ गणेश आगरकर यांच्याकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे. मिल्ल व स्पेन्सर यांच्या वाचनातून अज्ञेयवादी झालेल्या आगरकरांनी १८८७ साली 'केसरी' सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केला. त्याची मराठी बाजू ते लिहीत, इंग्रजी बाजू आरंभी गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे होती. वर्गात आपण 'देवतोत्पत्ती'सारख्या निबंधातील युक्तिवाद शिकवतो, आणि तो शिकवण्यासारखा आहेच. देवकल्पना माणसाच्या भीतीतून व अज्ञानातून कशी घडत गेली, हे त्यात कारणपरंपरेने मांडले आहे. परंतु 'महाराष्ट्रीयांस अनावृत पत्र' या शीर्षकाकडे कोणी थांबून पाहत नाही. पत्र हे एका व्यक्तीला लिहायचे असते; ते अनावृत करून संपूर्ण समाजाच्या नावे लिहिण्याची पद्धत इंग्रजी वृत्तपत्रांतून आली हे खरे. पण आगरकरांच्या हाती तिला वेगळेच कार्य मिळाले. ज्या वाचकाला आपले मत घरात उच्चारता येत नव्हते, त्याला त्या पत्राने खाजगीत संबोधले. भाऊबंदांच्या नजरेसमोर कोणत्याही सभेला न जाता तो आठवड्यातून एकदा समविचारी माणसाजवळ बसू शकत होता.

पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, हा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. तिचा अर्थ आपण सनातन्यांचा द्वेष एवढाच लावतो. माझ्या मते तिच्यात त्याहून नेमकी अशी एक धमकी होती. हिंदू समाजात बहिष्कृताची खरी कसोटी मृत्यूच्या वेळी लागते. खांदा द्यायला कोण येणार, हा प्रश्न त्या मिरवणुकीने जाहीरपणे विचारला. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले, तेव्हा आपल्या अंत्यविधीच्या खर्चापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवलेले आढळले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. वृत्तपत्राने वाचक मिळवून दिले होते. खांदेकरी मिळतील याची मात्र त्यांना खात्री नसावी.

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात कागदावरची ही बैठक अधिक स्पष्ट दिसते. जुलै १९२७ मध्ये सुरू झालेले हे मासिक कर्वे यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालले. आपल्या अभ्यासात ते संततिनियमन व कामशास्त्र यांच्या संदर्भात येते, आणि त्यापलीकडचा कर्वे यांचा बुद्धिप्रामाण्यवाद दुय्यम ठरतो. वस्तुतः त्यांच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. शरीरासंबंधीचे पाप ही कल्पना धर्मातून आलेली असेल, तर धर्माची तपासणी केल्याशिवाय शरीराविषयी सरळ बोलता येणार नाही, अशी त्यांची विचारसरणी होती. 'शारदेची पत्रे' या सदरातून त्यांनी सामाजिक ढोंगावर जी टीका केली तिचा घाटही पत्राचाच आहे.

पण मासिकाचे खरे हृदय प्रश्नोत्तरांत होते. वाचक आपले नाव न देता लिहीत. कर्वे कोरड्या, थोड्या तुसड्या, पण कधीही न हिणवणाऱ्या भाषेत उत्तर देत. ही उत्तरे आज सलग वाचली, तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रश्न विचारणाऱ्याला माहितीइतकीच, किंवा तिच्याहून अधिक, एका आश्वासनाची गरज असे. आपण एकटेच असे नाही, एवढेच त्याला ऐकायचे असे. ज्या महिन्यात त्याचे उत्तर छापले जाई, त्याच पानावर आणखी कितीतरी अनामिकांची उत्तरे असत, आणि तेच ते आश्वासन. परमहंस सभेची गुप्तता येथे परत आली आहे, पण फरक महत्त्वाचा आहे. सभेत सभासद गुप्त होते आणि विचारही गुप्त होता. 'समाजस्वास्थ्या'त वाचक गुप्त राहू शकत होता, कारण संपादक उघडा होता.

त्या उघडेपणाची किंमत संपादकाने दिली. १९३१ साली अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला भरला गेला, आणि या वेळी आक्षेप वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरच होता. कर्वे यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले. पण आपण ज्याला वाङ्मयीन सदर म्हणतो त्या प्रश्नोत्तराच्या रूपावरच राज्याने कारवाई केली, ही घटना मराठी नियतकालिकांच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे. याच सुमारास मुंबईत विवेकवाद्यांची एक संघटनाही इंग्रजीतून काम करीत होती. तिच्या 'रीझन' या पत्राचे संपादक डॉ. दाव्हॉइन यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याबद्दल कलम २९५-अ खाली खटला झाला व १९३४ साली ते निर्दोष सुटले. हे कलम १९२७ साली दंडसंहितेत आले. 'समाजस्वास्थ्या'चा पहिला अंकही त्याच वर्षीचा आहे, हा योगायोग खरा, पण बोलका आहे.

आता विधीच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण कागदावरची बैठक लग्नात आणि मरणात पुरी पडत नाही. कायद्याने काय दिले होते? १८७२ च्या तिसऱ्या कायद्याने नोंदणी विवाहाची सोय केली, पण वधूवरांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, यहुदी यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही असे लिहून द्यावे, अशी अट घातली. ब्राह्मसमाजाच्या आग्रहातून हा कायदा झाला. पुढे १९२३ मध्ये अट सैल झाली आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती गेली. मधल्या काळात निधर्मी माणसाला आपले अस्तित्व नकारांच्या यादीनेच सिद्ध करावे लागले. व्याकरणातला 'नास्ति' कायद्याच्या अर्जात उतरला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

या बाबतीत वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात घडलेला एक विवाह उद्बोधक आहे. आंध्रातील नास्तिक कार्यकर्ते गोरा यांनी १९४० साली मुदुनूर या खेड्यात नास्तिक केंद्र काढले. १९४७ साली ते विजयवाड्यास हलवले. गोरा गांधीजींना भेटत व त्यांच्याशी वाद घालत. त्या संवादांचे इंग्रजी पुस्तक १९५१ मध्ये निघाले. गोरांच्या कन्येचा विवाह एका दलित तरुणाशी सेवाग्राम आश्रमात व्हावा असे ठरले, तेव्हा शपथेतील ईश्वराच्या नावाचा प्रश्न आला. ईश्वराच्या जागी सत्य हा शब्द योजण्यास गांधीजींनी मान्यता दिली. ते स्वतः तो विवाह लावण्यास राहिले नाहीत. मार्च १९४८ मध्ये तो सेवाग्रामातच पार पडला. शब्द एकच बदलला, पण आस्तिक व नास्तिक एकाच मांडवात बसू शकले.

मरणाच्या बाबतीत मराठीतील ठळक उदाहरण हमीद दलवाई यांचे आहे. २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले; नाव जोतीरावांच्या समाजाकडून घेतले. व्यक्तिशः ते निधर्मी होते, पण मंडळात येणाऱ्यावर त्यांनी नास्तिकतेची अट घातली नाही. ३ मे १९७७ रोजी ते गेले. आपले दहन धार्मिक विधीवाचून व्हावे, अशी इच्छा त्यांनी व्यक्त करून ठेवली होती आणि ती पाळली गेली. आगरकरांच्या पुडीपासून येथवर ऐंशी वर्षांहून अधिक काळ गेला; मृत्यूची तजवीज आधी करून ठेवण्याची गरज मात्र दोघांनाही सारखीच भासली.

दलवाईंनी जी अट टाळली, तीच टाळण्याचा निर्णय पुढे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने घेतला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९८९ पासून काम करणाऱ्या या संघटनेने देव व धर्म यांबाबत तटस्थ राहून शोषक अंधश्रद्धांना विरोध करायचा, अशी भूमिका ठरवली. नास्तिक मित्रांना ती मिळमिळीत वाटे. डॉ. श्रीराम लागू यांनी तर परमेश्वराला आता निवृत्त करावे, असे उघड सांगितले. या दोघांनी आपला मतभेद झाकून ठेवला नाही; जाहीर संवादाच्या रूपाने ते तो गावोगावी श्रोत्यांपुढे मांडत. मराठीत विवेकवाद्यांची बैठक व्यासपीठावर, तीही आपसांतल्या मतभेदासह आली, हे या कार्यक्रमांचे वेगळेपण. तरीही नियतकालिक सुटले नाहीच. समितीचे 'अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र' होते, नागपुरातून दि. य. देशपांडे यांनी एप्रिल १९९० मध्ये 'नवा सुधारक' काढला व तो पुढे 'आजचा सुधारक' झाला. आगरकरांचे नाव शतकभरानंतर शीर्षकात परत आले, आणि वाचकांच्या पत्रांना मिळालेली जागाही.

यावर एक आक्षेप संभवतो. नियतकालिकाने माणसे जोडली असे म्हणताना ती बहुतांशी शिकलेली, शहरी व पुरुष होती, हे कसे विसरता येईल? आक्षेप योग्य आहे. सत्यशोधक जलशांनी जे श्रोते मिळवले ते 'सुधारक'ला कधीच मिळाले नाहीत. लेखी बैठकीचे दार अक्षरओळखीच्या उंचीचे होते. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात अवघ्या सुमारे ३३ हजार लोकांनी आपली नोंद नास्तिक म्हणून झाल्याचे जे आढळते, त्यामागे भीती आहे तशी ही मर्यादाही आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने, सरकारी अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही आणि 'कोणताही धर्म नाही' असे सांगण्याचा नागरिकास हक्क आहे, असा निर्णय दिला. हक्क मिळाला म्हणजे सोबत मिळते असे नाही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर हल्ला होऊन त्यांचा मृत्यू झाला. दाभोलकर खटल्यात २०२४ च्या मे महिन्यात दोघांना जन्मठेप झाली. या काळात त्या पुलावर दर महिन्याच्या वीस तारखेला कार्यकर्ते जमत राहिले. ठरलेली जागा, ठरलेली तिथी, गाणी, फलक आणि काही क्षणांची स्तब्धता, हे पाहिल्यावर विधी नसलेल्या माणसांनी आपला विधी घडवला, असे म्हणावेसे वाटते. तो पूल विठ्ठल रामजी शिंदे यांच्या नावाचा आहे, आणि शिंदे हे प्रार्थना समाजाचे प्रचारक होते.

पुण्यातच भगतसिंगांच्या नावाने चालणाऱ्या एका विचारमंचाने नास्तिकांचे मेळावे भरवण्यास आरंभ केला. 'नास्तिक' हे दुसऱ्याने लावलेले नाव येथे निमंत्रणपत्रिकेवर आले. १० एप्रिल २०२२ रोजी ठरलेला मेळावा रामनवमीच्या दिवशी येत होता; आक्षेप आले, पोलिसांनी सुव्यवस्थेचे कारण पुढे केले, आणि आयोजकांनी तो रद्द केला. ज्यांनी त्या दिवशी यायचे ठरवले होते, त्यांच्यापैकी कितीजणांनी घरी कुठे जातो हे सांगितले होते, हे विचारण्यासारखे आहे.